टॉवरवरची ड्युटी

सँडलचा पट्टा, निळा, धूळ बसून चिकटेनासा झालेला, पुन्हा सुटला होता. आणि शालिकराम गुडघ्यावर हात टेकून वाकेपर्यंत रोशनीनं तो झटकून, दाबून लावूनही टाकला. मयुरानं खाली पाहिलंसुद्धा नाही. पाय पुढे करायचा, कुणीतरी लावून देतं, एवढं तिला ठाऊक. लेक, मेघा, गेल्यावर कितीतरी महिने ते कुणीतरी म्हणजे आपणच होतो, असं त्याच्या मनात आलं आणि नातीच्या सँडलवरून जावयाच्या नव्या बायकोचा हेवा करणाऱ्या स्वतःची त्याला लाज वाटली.

सेमिनरी हिल्सचा चढ काही फार नाही, पण आज तो मुद्दाम सावकाश चढत होता. झाडांच्या डोक्यावरून टीव्ही टॉवर दिसत होता, प्रत्येक वळणावर जरा जास्तच. जावई, संघपाल, फोनवर किती सहज बोलला होता... “मामाजी, मयुरा नुसती टॉवर टॉवर करून राहिली. रविवारी जाऊ सगळे.” शालिकरामनं ताट बाजूला सारलं होतं. आणि कौसल्या, त्याची बायको, ताट उचलता उचलता म्हणाली होती, “मी नाही येत. तुमीच सांगतलं, तुमीच निस्तरा.”

सांगितलं होतं खरं. मेघा, एकुलती एक लेक, डेंग्यूनं चार दिवसांत गेली, तेव्हा मयुरा जेमतेम बोलायला लागलेली. संघपालच्या हिंगण्याच्या कारखान्यात शिफ्टा, म्हणून पोर आजीआजोबांकडे. रोज दिवेलागणीला तिचं एकच: आई कुठी गेली? देवाघरी म्हणावं, तर छप्पन साली दीक्षा घेऊन आज्यानं देव नदीत सोडले तेव्हापासून या घराला देवाचं घर ठाऊक नव्हतं. चांदणी झाली म्हणावं, तर जीभ वळेना. मग गच्चीवरून दूर टॉवरवरचा तो लाल दिवा दिसला, आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रात जन्म घालवलेल्या माणसाच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं – “तिथं ड्युटीवर हाये तुही आई.”

“येत काहून नाही मंग?”

“रिलीव्हर आला नाही, बेटा. बदलीचा माणूस आल्याबिगर जागा सोडता येत नाही.”

यात खोटं ते काय होतं? तो स्वतः असाच कितीदा अडकला होता. एका पाळीची दुसरी पाळी व्हायची, आणि सकाळी कॉलनीत शिरावं तर क्वार्टरच्या दारात फ्रॉक घातलेली मेघा, झोपाळल्या डोळ्यांनी, आला का रिलीव्हर, म्हणून विचारणारी... उशीर व्हायचा, पण माणूस घरी यायचाच. मग कौसल्येनं मेघाचा हार घातलेला फोटो, पोरीला दिसू नये म्हणून, कपाटात, साड्यांखाली ठेवून दिला.

मग सहा महिन्यांपूर्वी संघपालनं रोशनीशी लग्न केलं. शालिकरामनंच पुढे होऊन करवलं. पहिल्याच दिवशी मयुरा धावत जाऊन रोशनीच्या गळ्यात पडली. पोर किती समजदार, म्हणून वस्तीभर कौतुक झालं.

पण टॉवरपाशी ती आईला शोधणार, आता मात्र सांगायलाच हवं. रात्रभर त्यानं वाक्य घोकलं होतं. मेली म्हणवत नाही. गेली म्हणावं, तर ती लगेच विचारणार, कुठी...

टॉवरचं फाटक बंद होतं. मयुरा जाळीला दोन्ही हातांनी धरून वर पाहत राहिली. तो तिच्याशेजारी उकिडवा बसला. “मयुरा, आयक बेटा—”

पण ती रोशनीकडे वळली होती. “आई, तू त्या लाल दिव्यापाशी होती ना ड्युटीवर? भेव नाही लागलं तुले?”

मग तीच बापाला समजावू लागली, “आबाजीनं सांगतलं होतं ना, रिलीव्हर येऊन नाही राहिला म्हणून. मंग आला. मंग आई आली.”

म्हणजे हिला सावत्र आई आलीच नव्हती. हिची आईच परत आली होती! चेहरा कधीच पुसून गेला होता, राहिलं होतं नुसतं वाट पाहणं, आणि त्या वाटेनं जी पहिली आली ती आई. रोशनीचा चेहरा उतरला. सहा महिने तिला वाटत असणार, आपण माया लावून पोर जिंकली. ती शालिकरामकडे पाहत होती. दोष देत नव्हती. आता काय करू, एवढंच विचारत होती.

वाक्य ओठांवर होतं. म्हटलं असतं तर मेघाला तिची लेक मिळाली असती, आणि या लेकराची आई दुसऱ्यांदा गेली असती.

“आबाजी, सांगा ना. आईच होती ना तिथं?”

“हो,” तो म्हणाला.

संघपाल टॉय ट्रेनचं काहीतरी बोलला आणि सगळे उतरू लागले. शालिकराम मागे. त्या दिवशी मेघा गेली ती निदान कुणाची तरी आई म्हणून गेली होती. आज तेवढंही आपण, तिच्या बापानं, काढून घेतलं... पुढे रोशनीचा पाय खडीवर घसरला. “हळू वं, बेटा!” तो केवढ्यानं तरी ओरडला. हिला काही होऊ नये. काही झालं तरी हिला काही होऊ नये. ही भीती त्याच्या ओळखीची होती. ती मेघाची होती, आणि त्याला न विचारताच या मुलीची होऊन बसली होती. डोळे भरून आले. ते त्यानं घाईनं पुसले, कारण मयुरा मागे वळून पाहत होती. आणि आबाजी काहून रडून राहिले, असं तिनं विचारलंच, तर कुणासाठी ते सांगायला, नाव घेण्याजोगं माणूस आता त्याच्याजवळ उरलं नव्हतं.