सतरा बुधवार

मोटरसायकल मार्चमध्ये आली. गोल दिवा, काळी टाकी, एकच सिलेंडर, चकचकीत मडगार्ड. दुकानदार हिरोसे किल्ली देताना म्हणाला, "मिझोगुचीसान, दिसायला आजोबांच्या काळातली, पण बटण दाबलं की एका झटक्यात सुरू. तुमच्यापेक्षा बरीच बरी." मी सहासष्ट वर्षांचा, जपानमधल्या शिमानेच्या किनाऱ्यावर अडतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. एरवी मी त्याला दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला कशाचाच राग आला नसता.

गाडी काय चालायची, सांगतो. चौथ्या गिअरमध्ये, पन्नासच्या वेगाला, तिचा एकेक ठोका बुडाखाली वेगळा लागायचा. घाई म्हणून नाही. बसमधून जो रस्ता मी काचेपलीकडे बघत आलो, त्याला वास आहे हे मला निवृत्त झाल्यावर कळलं. दोरीवर वाळत घातलेल्या माकूल मासळीचा वास, ओल्या देवदारांचा वास. वळणं सगळी पाठ होती, पण वाकून एकही घेतलं नव्हतं. दीपस्तंभाच्या शेवटच्या वळणावर मी हेल्मेटच्या आत चक्क ओरडायचो. घरी आलो की फुसाए, माझी बायको, विचारायची, "आज काय पाहिलं?" मी सांगत सुटायचो आणि ती चहा गार होईपर्यंत ऐकत राहायची.

खरं तर गाडी तिच्यासाठीच घेतली होती. आमची ओळखच माझ्या बसमध्ये झाली. ती सूतगिरणीत कामाला जायची आणि माझ्या मागच्याच सीटवर बसायची. एकदा एक जोडपं मोटरसायकलवरून आमच्या बसला मागे टाकून गेलं. पोरीने गाल त्याच्या पाठीवर टेकवला होता. फुसाए म्हणाली, "मला असं जायचंय." मी म्हणालो, "नेईन." त्याला चाळीस वर्षं झाली. पुढे ती टोमणा मारायची, "तुम्ही मला जन्मभर मागे बसवूनच फिरवलंत हो, पण चाळीस माणसांबरोबर!" म्हणून मी हिरोसेकडून मागची सीट रुंद करून घेतली, टेकायला पाठ बसवली, पाय ठेवायच्या दांड्या खाली घेतल्या. तिने फिकट हिरवं हेल्मेट पसंत केलं.

फक्त एक अडचण होती. परवाना मिळाल्यापासून एक वर्ष मोटरसायकलवर मागे कोणाला बसवायचं नाही, असा आमच्याकडे कायदा आहे. मला मोटरसायकलचा परवाना आदल्या वर्षी वीस ऑक्टोबरला मिळाला होता. म्हणजे पुढच्या वीस ऑक्टोबरपर्यंत थांबायचं. फुसाए म्हणाली, "चाळीस वर्षं थांबले, त्यात सात महिने." आम्ही दोघं हसलो.

मे महिन्यात तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर माझ्याकडे न बघता म्हणाले, "उन्हाळा जाईल. पुढचं सांगता येत नाही."

आमच्या जुन्या कारने घरी आलो. ती स्वयंपाकघरात गेली, तांदूळ धुतले, आणि पाठमोरीच म्हणाली, "अहो, मला दीपस्तंभापर्यंत न्या. एकदाच."

"उद्याच जाऊ. कारने."

"कारने आपण डॉक्टरकडे जातो. मला मोटरसायकलवर जायचंय."

"वीस ऑक्टोबरनंतर."

ती वळली. "ऑक्टोबर मला आहे का?"

मी नियम सांगितला. खरंच सांगितला, कलमासकट. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्या परवान्यावर सोनेरी पट्टी आहे. पाच वर्षं एकही गुन्हा नसला की ती मिळते, आणि माझ्या परवान्यावरून ती तीस वर्षांत एकदाही गेली नाही. बर्फात, पुरात, दारुड्या सायकलवाल्यांमधून मी ती सांभाळली. कंपनीने त्यासाठी मला घड्याळ दिलं, पेपरात फोटो आला. मागे बायको बसलेली सापडली असती तर दोन काळे गुण, थोडा दंड, आणि पुढच्या वेळी पट्टी निळी. बस, एवढंच. फुसाएपाशी मी तिच्या जिवाची काळजी पुढे केली. "तू पडलीस तर?" ती म्हणाली, "पडले तर काय, मरेन?" आणि स्वतःच खोखो हसली. मला हसू आलं नाही.

जूनमध्ये एका संध्याकाळी ती बाहेरून दमून आली. बसता बसता सहज म्हणाली, "चौकीतले कुवातासान बुधवारी दुपारी डोंगरापलीकडच्या गावात असतात म्हणे. इकडचा रस्ता अगदी मोकळा असतो."

"पोलीस नसला म्हणजे कायदा नसतो का?"

"नाही हो. असतोच." तिने विषय सोडून दिला. मला वाटलं, पटलं तिला.

बुधवार आला की ती दुपारी पुढच्या खोलीत येऊन बसायची. हेल्मेट घातलेलं नसायचं, पण शेजारी ठेवलेलं असायचं. मी मोटरसायकल बाहेर काढायचो. निघण्याआधी बोट दाखवून मोठ्याने बोलायची आम्हा बसवाल्यांची सवय माझी काही गेली नव्हती. "उजवीकडे ठीक! डावीकडे ठीक! मागे ठीक!" एवढं ओरडून मी एकटाच निघायचो. होय, जायचो मी. गाडी इतकी सुंदर चालायची की दहा मिनिटांत मी तिचं दुखणं विसरायचो. कबूल करतो. ते सुखाचे दिवस होते, आणि ते मी तिला घरी बसवून भोगले.

सप्टेंबरच्या शेवटी तिला पायऱ्या उतरवेनात. तेव्हा मी तिला उचलून शेडमध्ये नेलं. मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी केली, तिला हेल्मेट घातलं, मागे बसवलं, पुढे मी बसलो. इंजिन सुरू केलं. मागचं चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं. तिने माझ्या कमरेला मिठी घातली. तिचे हात इतके हलके झाले होते की कोटावरून कळेनात.

"मागे ठीक!" ती माझी नक्कल करत म्हणाली.

मग माझ्या पाठीवर हेल्मेट टेकवून विचारलं, "कुठं आलो?"

"बंदर मागे पडलं."

"समुद्र?"

"डाव्या हाताला. शांत आहे."

"जरा जोरात न्या की."

मी थोडा आवाज वाढवला. शेडमध्ये धूर भरला, तिला खोकला आला, आणि मला इंजिन बंद करावं लागलं. आम्ही बंदरापुढे शंभर मीटरही गेलो नव्हतो.

सहा ऑक्टोबरला ती गेली. चौदा दिवस कमी पडले.

वीस तारखेला मी उठलो, दाढी केली, तिच्या अस्थींच्या कलशापुढे भाताची वाटी ठेवली. कलश मागच्या सीटला बांधून दीपस्तंभावर न्यावा असं मनात आलं. मग माझीच मला शिसारी आली. जिवंत होती तेव्हा कलम वाचून दाखवलं, आणि आता मिरवणूक काढणार?

अंगणात मोटरसायकल काढली. तोंडातून निघून गेलं, "मागे ठीक!"

मग मी जे केलं ते अडतीस वर्षांत केलं नव्हतं. मोकळ्या किनाऱ्यावरच्या चाळीसच्या रस्त्याने मी नव्वदने सुटलो, आणि थेट चौकीसमोर ब्रेक मारला. कुवातासान दारातच उभे होते. तिशीतला माणूस, शांत स्वभावाचा. मी परवाना काढून त्यांच्या छातीला लावला.

"बघितलंत ना? लिहा!"

"मिझोगुचीसान, आधी हेल्मेट काढा. पाणी देतो."

"पाणी नको. गुन्हा लिहा! ही पट्टी मला नकोय, कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी परवाना घेतला, सोनेरी पट्टीकडे पाहिलं, आणि टोपी काढली.

"जूनमध्ये तुमच्या पत्नी माझ्याकडे आल्या होत्या," ते म्हणाले. "लोकाट फळांची टोपली घेऊन. चालत आल्या होत्या. मध्ये तीनदा बसावं लागलं म्हणाल्या. टोपली मी घेतली नाही. पण त्यांनी विचारलं, एका दुपारी तुम्ही दुसरीकडे बघाल का? मी म्हटलं, दर बुधवारी दुपारी मी डोंगरापलीकडे जात जाईन."

मी हेल्मेट काढलं.

"सतरा बुधवार गेलो," कुवातासान म्हणाले. "तिकडे काम काहीच नव्हतं. गाडी लावून बसायचो. परत आलो की रस्त्याकडे बघायचो, आज तरी तुम्ही दोघं गेला असाल म्हणून."

त्यांनी दोन्ही हातांनी परवाना माझ्यापुढे धरला. पावती लिहिली नाही. मी खूप विनवलं, हात जोडले, पण लिहिली नाही.

पट्टी अजून सोनेरीच आहे.