ग्यारंटी संपून सतरा दिवस

काटेपूर्णा नदीवरचा फरशीपूल ओलांडून मोटार चढाला लागली आणि अर्ध्या चढावर तिच्या पोटात काहीतरी कडाडलं. इंजिन घोंघावत राहिलं, पण चाकांतला जोर गेला. गाडी क्षणभर जागीच थबकली आणि मग मागे सरकू लागली. मागच्या सीटवरच्या माणिकबाईंनी वळून पाहिलं. खाली कापसाची एक बैलबंडी नुकतीच चढाला लागत होती. वर दोन बाया आणि एक म्हातारा बसलेले.

ड्रायव्हर नासिरने पायाचा ब्रेक दाबला, हाताचा ओढला. त्या विलायती धुडाला उलट्या चालीत दोन्ही पुरेनात. "बाई, धरून बसा," एवढंच तो म्हणाला आणि सुकाणूचं चाक गर्रकन फिरवून त्याने गाडी कडेच्या मुरमाच्या दरडीत घातली. दरडीचा दणका सुकाणूच्या चाकात उतरला आणि त्याचा उजवा हात मनगटाच्या वर मोडला. बंडीचे बैल चार हातांवर फुसफुसत उभे होते.

हे सन चौतीसच्या थंडीतलं. माणिकबाईंचा अमरावतीला कापसातली सरकी काढायचा जिन होता. यजमान गेल्यापासून सहा वर्षं तो त्याच चालवत होत्या, आणि अकोल्याच्या कापूस बाजारात बायकांनी बसायचं नसतं हे सांगणाऱ्यांचं ऐकून घेऊन दर आठवड्याला जाऊन बसत होत्या. मोटार त्यांनी हौसेने घेतली होती. वऱ्हाडात तशा गाड्या चार-दोनच. घेताना नागपूरच्या एजंटाने वर्षाची ग्यारंटी लिहून दिली होती. काटेपूर्णेच्या चढावर गिअर तुटला तेव्हा वर्ष उलटून सतरा दिवस झाले होते.

बोरगावहून बैलांच्या दोन जोड्या आणून गाडी अकोल्याला वाहेद मिस्त्रीच्या कारखान्यात ओढत नेली. नासिरचा हात तिथल्याच दवाखान्यात बांधला.

पाचव्या दिवशी एजंट अमरावतीला आला. सोलाहॅट मांडीवर ठेवून तो बैठकीत बसला आणि सगळं बोलणं माणिकबाईंचे दीर भगवंतराव यांच्याकडे पाहून करू लागला. मुदत संपली, कंपनी बांधील नाही. गिअरची सबंध पेटी विलायतेहून मागवावी लागेल आणि तिची किंमत त्याने सांगितली तेव्हा भगवंतरावांनी पान खायचं थांबवलं. जिनात नवा बॉयलर घ्यायचं यंदा ठरलं होतं. तो बेत त्या एका आकड्याने बुडत होता.

मग एजंटाने बॅगेतून एक टंकलेला कागद काढला. त्यावर माणिकबाईंची सही झाली तर कंपनी खास बाब म्हणून पेटी निम्म्या किमतीत देईल, असं तो म्हणाला. कागदात लिहिलं होतं की गाडीत मुळात दोष नव्हता, ड्रायव्हर नासिर याने आडमुठेपणाने गिअर टाकल्यामुळे दाते तुटले.

याची प्रत कुठे कुठे जाते, असं माणिकबाईंनी विचारलं. एजंटाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. एक कंपनीकडे आणि एक पोलीस कचेरीत, लायसन तिथून मिळतं म्हणून, असं त्याने सांगितलं. येत्या मंगळवारी तो अकोल्यात येणार होता, तेव्हा सही द्यावी.

तो गेल्यावर भगवंतराव म्हणाले, "वैनी, सही करून टाका. ड्रायव्हर काय, उद्या दुसरा भेटते."

"त्यानं गाडी दरडीत घातली नसती त बंडीतली तीन माणसं गेली असती, भाऊजी."

"मी कुठं नाई म्हणतो? पण गिअर त्याच्याच हातात होता ना?"

कागद माणिकबाईंनी मेजाच्या खणात ठेवला. फाडला नाही. ही गोष्ट त्यांना पुढे फार दिवस टोचली. दोन दिवस त्या खण उघडत आणि लावत राहिल्या. चढावर नासिरने गिअर बदलला तेव्हा घासल्यासारखं वाजलं होतं का? वाजलं असेलही. मन एकदा सोयीच्या बाजूला झुकलं की कानही तसेच ऐकू लागतात. या दोन दिवसांत नासिर गळ्यात हात बांधून जिनात येत होता आणि डाव्या हाताने जमेल ते काम करत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या एकट्याच रेल्वेने अकोल्याला गेल्या.

वाहेद मिस्त्री ताजनापेठेत होता. साठीचा, चष्म्याची एक काच तडकलेली. त्याने उघडलेल्या पेटीतून एक दातेरी चाक काढून फडक्यावर ठेवलं. त्याचे तीन दाते मुळापासून उडाले होते. मग तो आतल्या फळीकडे गेला आणि दुसरं चाक घेऊन आला. तेच माप आणि तेच तीन दाते गेलेले. तुटल्या जागी लोखंड दोन्हींचं सारखंच राखाडी, खरबरीत.

"हे दुसरं कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"सूर्यभान शेटचं. पावसाळ्यात आली होती त्याईची गाडी. हातानं गिअर बिघडला त दात झिजते, बाई, कडा मोडते. असा बुडापासून नाई उडत. लोखंडच कच्चं हाये."

सूर्यभान शेट अकोल्याचे बडे अडत्ये. यजमानांच्या वेळेपासूनची ओळख. माणिकबाई थेट त्यांच्या अडतीवर गेल्या. तसाच कागद तुमच्यापुढेही आला होता का, असं विचारताच शेटजींनी मुनिमाला बाहेर पाठवलं. हो, आला होता. सही केली होती. निम्म्या किमतीत पेटी मिळाली, गाडी चालू झाली. आणि ड्रायव्हर? शेटजींनी खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंगणात एक उंच माणूस पाठीवर पोतं घेऊन चालला होता. त्याचं नाव सहदेव. लायसन गेल्यावर त्याला दुसरीकडे कुणी ठेवेना, म्हणून शेटजींनीच हमालीला घेतला होता.

"तुमच्या कागदाच्या बळावर तो एजंट आता माह्याकडून सही मागून राहिला," माणिकबाई म्हणाल्या. "मंगळवारी मिस्त्रीकडे या अन् तुमचा गिअर कसा तुटला तेवढं सांगा."

"सही गेली आता. ते उकरून काय भेटते?" शेटजी म्हणाले. येतो असं ते काही बोलले नाहीत.

मंगळवारी दुपारी एजंट वाहेदच्या कारखान्यात आला तेव्हा माणिकबाई, भगवंतराव आणि नासिर आधीच तिथे होते. मेजावर दोन्ही चाकं शेजारी शेजारी मांडली होती. एजंटाने ती उचलून पाहिली आणि खाली ठेवली. दोन ड्रायव्हर सारखेच आडमुठे असू शकतात, असं तो शांतपणे म्हणाला. सूर्यभान शेटची लेखी कबुली त्याच्या बॅगेत होती. इथला मिस्त्री लोखंडाची पारख करणार आणि कंपनीने ती मानायची, असं कुठे असतं का? आज सही झाली नाही तर सवलत रद्द, पूर्ण किंमत, असंही त्याने बजावलं आणि घड्याळ काढून पाहिलं.

भगवंतरावांनी दौत पुढे सरकवली. नासिर दाराशी उभा होता. तो जमिनीकडे पाहत होता. माणिकबाईंनी टाक हातात घेतला नाही. सही करायची नाही हे त्यांचं ठरलं होतं. तेवढ्याने नासिर वाचणार होता का, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. एजंट स्वतःच्या नावानेही कचेरीत लिहू शकत होता, आणि त्याच्या बॅगेत एक कबुली होतीच.

तेवढ्यात बाहेर मोटार थांबली. सूर्यभान शेट आत आले. त्यांच्यामागे सहदेव होता, खांद्यावर हमालीचं फडकं तसंच. शेटजी बसले नाहीत.

"तो कागद खोटा हाये," ते एजंटाला म्हणाले. "त्या दिवशी सहदेव बाजूले बसला होता. गाडी मी चालवत होतो. पातूरच्या रस्त्यावर, चढावर. गिअर माह्या हातात तुटला."

सहदेव शेटजींकडे पाहत होता. मालक गाडी चालवत होता हे त्याला पावसाळ्यापासून ठाऊकच होतं. ते तो एवढ्या लोकांत बोलेल, असं मात्र त्याला वाटलं नसावं. त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं.

"हे मी आज कचेरीत लिहून देणार," शेटजी म्हणाले. "माह्यी काय शोभा व्हायची ते होऊ द्या."

एजंटाने बराच वेळ बॅगेचा पट्टा चाचपला. मग बिनसहीचा कागद उचलून आत टाकला आणि कंपनीच्या मुंबई ऑफिसला कळवतो म्हणून निघून गेला.

मुंबईचं उत्तर महिन्याने आलं. दोषाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मुदत संपलेली असल्याने पूर्ण किंमत पडेल, एवढंच होतं. सहदेवचं लायसन पुढे खेटे घालून घालून परत मिळालं. नासिरविरुद्ध कचेरीत काहीच गेलं नाही. माणिकबाईंनी पूर्ण किंमत भरली. बॉयलर दोन वर्षं लांबला आणि भगवंतराव त्या दोन वर्षांत ते वरचेवर ऐकवत राहिले.

त्या मंगळवारी संध्याकाळी, कारखान्यातून निघाल्यावर, अमरावतीच्या गाडीची वाट पाहत माणिकबाई, भगवंतराव आणि नासिर स्टेशनवर बसले होते. भगवंतराव तिकिटं काढायला गेले, तेव्हा माणिकबाई नासिरला म्हणाल्या, "नासिरमिया, तो कागद माह्या खणात दोन दिवस होता. मी फाडला नवता."

"मले मालूम होतं, बाई. भगवंतरावांनी त्याच दिवशी सांगतलं होतं, दुसरी नोकरी पाहून ठेव म्हणून."

"मंग आला काहून रोज कामावर?"

नासिरने गळ्यातली झोळी जरा सरळ केली. "घरी बसलो असतो त घरवालीनं विचारलं असतं, नोकरी गेली का म्हणून," तो म्हणाला. "तिले काय सांगू?"

गाडी फलाटाला लागली तेव्हा माणिकबाईंनी आपली पिशवी स्वतः उचलली, नासिरचं गाठोडंही उचललं, आणि तो नको नको म्हणत असताना डब्यात चढल्या.