क्रांतीची गूळतुला

क्रांतीचं वजन उतरलं की तिच्या नवऱ्याचं, उदयसिंहाचं, काय काय चढणार होतं, ते आधी बघू.

डॉक्टर विश्वजितांच्या सांगलीच्या मेळाव्यात त्याला स्टेजवर खुर्ची मिळणार होती. मागच्या फ्लेक्सवर त्याचा फेटेवाला फोटो येणार होता, डॉक्टरांच्या खालोखाल. कुंडलच्या शिवारातल्या त्याच्या गुऱ्हाळाच्या ढेपा, नावाच्या शिक्क्यासकट, सगळ्या जिल्ह्यापुढं मांडल्या जाणार होत्या. आणि भावकीच्या लग्नात फोटोवाला "वैनी, जरा मागच्या रांगेत" म्हणायचा, तेही बंद होणार होतं. आता क्रांतीला काय मिळणार होतं? गुडघे दुखायचे थांबले असते. बस. म्हणजे ऑपरेशन तिच्या पोटाचं आणि नफा बहुतेक नवऱ्याचा. आपल्याकडं ही वाटणी काही नवी नाही.

डॉक्टर विश्वजित हे पोट लहान करण्याच्या शस्त्रक्रियेचे सर्जन. हात चांगला, हे वैऱ्यानंही मान्य करावं. पण हातापेक्षा जीभ धारदार, आणि जिभेपेक्षा कॅमेऱ्याची ओढ जास्त. दरवर्षी मेळाव्यात ते आपल्या यशस्वी रुग्णांची गूळतुला करत. पुढाऱ्यांची वाढदिवसाला होते तीच, फक्त उलटी. एका पारड्यात रुग्ण बसायचा, दुसऱ्यात त्याच्या जुन्या वजनाइतका गूळ. रुग्णाचं पारडं वर उचललं जायचं. मग पारडी सारखी होईपर्यंत एकेक ढेप खाली उतरवायची. उतरवलेल्या ढेपा म्हणजे उतरलेली चरबी! टाळ्या, हार, फोटो. आणि शेवटी तोच गूळ लोकांना वाटायचा. लठ्ठपणाविरुद्धच्या सभेत गूळ वाटण्याची अक्कल सगळ्यांना नसते, त्याला शिक्षण लागतं.

हा गूळ उदयसिंह हौसेनं पुरवायचा. बदल्यात यंदा बायको पारड्यात बसणार, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. क्रांतीला कुणी विचारलं नव्हतं. तिच्या आजोबांनी मोठ्या अभिमानानं नातीचं नाव क्रांती ठेवलं होतं; सासरी ते नाव चहा मागण्यापुरतं वापरात होतं.

पण वजन ठरल्याप्रमाणं वागेना. पहिले काही महिने उतरलं, हळूहळू. मग अडलं ते अडलंच. ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा उदयसिंह तिला घेऊन सांगलीला तपासणीला गेला. डॉक्टरांनी काट्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलंच नाही.

"हे काय? बाकीचे पेशंट बघा. कपडे शिवून शिवून त्यांचा शिंपी थकला. माझ्या ऑपरेशनमध्ये दोष नाही, एवढं लिहून देतो."

"डॉक्टर, खाल्लं की हितं वर आग पडतीय. रातभर—"

"मग खाऊ नका. सोपं आहे." डॉक्टर फाईल मिटता मिटता थांबले. "मिस्टर काय करतात तुमचे? अरे हो, गुऱ्हाळ! मग झालं की निदान! गुऱ्हाळवाल्याची बायको गूळ चाखल्याशिवाय राहील होय?"

हाताखालचा डॉक्टर हसला. नर्स हसली. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? उदयसिंह! मोठ्या माणसानं विनोद केला की हसायचं, हा शिष्टाचार त्याला पाठ होता.

"मी गूळ खात न्हाई डॉक्टर," क्रांती म्हणाली.

"चोर कधी कबूल करतो का?" डॉक्टरांनी घंटी दाबली. "उदयसिंह, यंदा यांना पारड्यात बसवू नका. ढेपा हलायच्या नाहीत, आणि आपला निकाल बिघडेल."

आपला निकाल! पोट तिचं, आग तिची, निकाल मात्र "आपला".

त्या दिवसापासून गुळाच्या खोलीला कुलूप लागलं. किल्ली गेली सासूच्या, मनुबाईच्या, कमरेला. उदयसिंह घरी आला की आधी म्हणायचा, "तोंड उघड बघू." गुऱ्हाळावरच्या बायका खिदळायच्या, "वैनी, ढेपंला उंदीर लागलाय म्हणं. लय मोठा हाय का?" डॉक्टरांचा एक विनोद, त्याचे सांगलीपासून कुंडलपर्यंत किती वारस झाले बघा. क्रांतीनं आधी वाद घातला, मग रडली, मग जेवण आणखी कमी केलं. डॉक्टरांनी सांगितलेली अंडी, डाळ, दही, सगळं टाकलं. तोंडात घास दिसला की चोर ठरायचं, त्यापेक्षा घासच नको. अंगातली ताकद गेली, चेहरा पिवळा पडला, चार पायऱ्यांना धाप लागायला लागली. वजन होतं तिथंच. आग मात्र वाढली.

शेवटी मनुबाईलाच बघवेना.

"आरं, पोरगी रातभर कण्हतीया आन तू कुलपं लावत बसलायस?"

"आये, मोठा डॉक्टर हाय त्यो. त्येला कळत न्हाई व्हय?"

"त्येला कळत आसंल. पर त्यो हितं झोपाय येत न्हाई. मला ऐकू येतंय!"

दुसऱ्या दिवशी मनुबाई सुनेला घेऊन एस्टीनं तासगावला गेली. तिथं डॉक्टर फिरदोस होत्या. बेदाण्याच्या व्यापाऱ्याची मुलगी, पोटाचे नि तापाचे रोगी बघणारी. त्यांचा फोटो कुठल्याच फ्लेक्सवर नव्हता, त्यामुळं रोग्यांशी बोलायला वेळ होता.

फिरदोसनं पोट दाबून पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "औषधं कुठली कुठली चालू आहेत? गोळी, काढा, चूर्ण, जे असेल ते सांगा. मी रागावणार नाही."

"ताकदीच्या गोळ्या हायेत ऑपरेशनवाल्या डॉक्टरांच्या. बास."

मनुबाई खाकरली. चंची उघडून तिनं एक तांबडी पुडी टेबलावर ठेवली. "आन ही गुडघ्याची. सीमंपलीकडनं आणतो आमी. औषध न्हवं बरं का, झाडपाला हाय. मीच देती तिला, ऑपरेशनच्या आदीपासनं. लय गुण हाय. सकाळी घेतली की दुपारच्याला गुडघा गप."

"मावशी, इतक्या झटक्यात गुडघा गप्प करणाऱ्या पुडीत पुष्कळदा स्टेरॉइड कुटलेलं असतं. त्यानं वजन उतरत नाही, तोंड सुजतं. आणि ऑपरेशन झालेल्या पोटाला तर जखम होते." मग क्रांतीकडं वळून त्या हळूच म्हणाल्या, "संडासला काळं होतं का?"

क्रांतीनं मान खाली घातली. "व्हय."

"सर्जननी विचारलं नाही हे?"

"त्यांनी नवरा काय करतो तेवढंच विचारलं."

संध्याकाळी उदयसिंह गाडी घेऊन न्यायला आला, तेव्हा फिरदोसनं त्याला समोर बसवलं.

"हिला गूळ खाताना कुणी पाहिलंय?"

"डॉक्टरसाहेब म्हणाले की."

"त्यांनी पाहिलं?"

"न्हाई. पर त्यास्नी कळतं."

"मग मला कळतं ते सांगते. या ऑपरेशननंतर पुष्कळांना गूळ-साखर सोसतच नाही. दरदरून घाम फुटतो, छाती धडधडते, माणूस आडवा होतो. हिला असं कधी झालेलं पाहिलंत? तुमच्या शेजारीच झोपते ना ती?"

उदयसिंह गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत राहिला.

"हे बघा, एकाच दिवशी लावलेला ऊस तरी सगळा सारखा वाढतो का? वजन कुणाचं भराभर उतरतं, कुणाचं सावकाश. सावकाश उतरणं म्हणजे चोरी नाही. अडलं तर कारण शोधायचं असतं, गुन्हेगार नाही. पुडी आपल्या मनानं एकदम बंद करायची नाही, तेही धोक्याचं असतं. आणि आजच्या आज मिरजेला जाऊन दुर्बिणीनं पोट तपासून घ्या. आत रक्त झिरपतंय."

"मॅडम, रविवारी मेळावा हाय. तेवढा होऊ द्या. दुसरीकडं गेलो कळलं तर साहेब नाराज होतील."

"रविवारपर्यंत थांब, असा निरोप जखमेला धाडलाय का तुम्ही?"

उदयसिंह उठला. "मॅडम, राग मानू नका. तुमी तासगावच्या. ते सांगलीचे." आणि निघाला. वा रे न्याय! ज्ञान मोजायचं ते गावाच्या पाटीवरून. बायकोच्या पोटात रक्त सांडतंय आणि याला काळजी साहेबांच्या कपाळावरच्या आठीची! फिरदोसनं दिलेल्या गोळ्या मनुबाईनं चंचीत टाकल्या आणि मुलाशी बोलणं टाकलं.

रविवारी सभागृह भरलं. उदयसिंह फेटा बांधून स्टेजवर, त्याच्या नावाच्या ढेपा पारड्याशेजारी रचलेल्या. क्रांती आणि मनुबाई शेवटच्या रांगेत. मालकाची बायको मेळाव्याला यावी, पण दिसू नये, असा बंदोबस्त होता.

यंदाचं मुख्य आकर्षण होते कोरेगावचे नानासो, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचं पारडं उंच गेलं, ढेपांवर ढेपा उतरल्या, सभागृह टाळ्यांनी दणाणलं. डॉक्टरांना उधाण आलं. त्यांनी गुळाचा भला मोठा खडा उचलला. "नानासो, तोंड गोड करा!"

"सर, मला गोड जरा—"

"आजचा दिवस माफ!"

साहेबाचा हुकूम मोडायची नानासोंना सवय नव्हती. त्यांनी खडा खाल्ला. तेवढ्यात फोटोवाला ओरडला, "सर, हुकला! परत एकदा!" डॉक्टरांनी आणखी एक खडा भरवला, हसऱ्या चेहऱ्यानं, कॅमेऱ्याकडं बघत. या वेळी फोटो चांगला आला.

भाषणं चालू होती, तोच नानासो घामानं निथळायला लागले. चेहरा पांढराफटक, हात छातीवर. "धडधडतंय... धडधडतंय," म्हणत ते खुर्चीवरून घसरले. लोक उठले, आरडाओरडा झाला. नानासोंना आडवं केलं. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सभा हातची जाते असं दिसताच माईक धरला.

"शांत व्हा! घाबरण्यासारखं काही नाही. या शस्त्रक्रियेनंतर गूळ-साखर शरीराला सोसतच नाही. पुष्कळांना असंच होतं. थोड्या वेळानं बरं वाटेल. हे शास्त्र आहे!"

शेवटच्या रांगेत क्रांती उभी राहिली. खुर्चीच्या पाठीला धरून.

"डॉक्टर, परत एकदा सांगा!"

"कोण आहेत या बाई?"

"गुऱ्हाळवाल्याची बायको!"

सगळ्या माना मागं वळल्या.

"गूळ सोसत न्हाई, हे तुमीच म्हणाला आत्ता. मग वरीसभर मी चोरून गूळ खातीय, तर मला घाम कसा न्हाई फुटला? मी कशी न्हाई आडवी झाले? माझ्या पोटात आग पडतीय म्हणून तुमच्याकडं आले, तर तुमी विनोद केला. नवरा काय करतो विचारलंत. मी कुठलं औषध खाते, ते एकदा तरी विचारायचं हुतं!"

"बाई, हा विषय इथला नाही. ओपीडीत या."

"ओपीडीत तुमी हसता. हितं हसून दाखवा!"

कुणीही हसलं नाही. नर्ससुद्धा नाही.

स्टेजवर उदयसिंह दगडासारखा बसला होता. हेच वाक्य फिरदोसनं सांगितलं तेव्हा ते तासगावचं होतं. माईकमधून आलं तेव्हा शास्त्र झालं. शहाणपण उशिरा आलं, आणि आलं तेही डॉक्टरांच्याच तोंडून उसनं! पण आलं. त्यानं बघितलं, क्रांती खुर्चीला धरून वाकत चालली होती आणि सत्तरीची मनुबाई तिला दोन्ही हातांनी सावरत होती. ज्या हातांनी पुडी दिली होती, त्याच हातांनी.

"आता गूळदाते उदयसिंह यांचा सत्कार—" निवेदकानं काहीतरी सावरायचं म्हणून पुकारलं.

उदयसिंह उठला, फेटा खुर्चीवर ठेवला आणि सरळ स्टेजवरून खाली उतरला.

"अहो उदयसिंह! फोटो!" डॉक्टर म्हणाले.

"फोटो लय झाले साहेब. बायको मरंल माझी!"

तिथून गाडी थेट मिरजेला गेली. दुर्बिणीतून दिसलं ते फिरदोसनं हातानं दाबून ओळखलं होतं तेच. पोटाच्या नव्या जोडावर जखम, आणि जखमेतून झिरपणारं रक्त. क्रांतीला रक्त चढवावं लागलं. मनुबाईनं सगळ्या पुड्या चंचीसकट तिथल्या डॉक्टरांपुढं ओतल्या. "माझ्या हातनं झालं ह्ये. मला बोला, पोरीला बोलू नगा." त्यांनी कुणालाच बोल लावला नाही. औषध कसं कमी करत आणायचं ते समजावून सांगितलं आणि गुडघ्यांचा वेगळा इलाज सुरू केला.

उदयसिंह पलंगापाशी उभा राहिला. "क्रांती, चुकलं माझं."

"तुमी हसला हुता," ती म्हणाली. "ते आधी आठवा, मग माफी मागा."

घरी आल्यावर त्यानं कुलूप स्वतःच्या हातानं काढलं. गुऱ्हाळावर जाऊन बायकांना म्हणाला, "ढेपंला उंदीर लागला न्हवता. अकलंला लागला हुता, माझ्या." पुढं पुड्या सुटल्या, अंडी-डाळ परत ताटात आली, आणि क्रांतीचं वजन उतरू लागलं. कसं? सावकाश. ते सावकाशच उतरणार होतं.

डॉक्टर विश्वजितांनी माफी मागितली का? छे! "पेशंटनं माहिती लपवली," असं ते सांगतात. न विचारलेली माहिती लपवायची कशी, हे त्यांनाच ठाऊक. मात्र त्यांच्या ओपीडीत आता प्रत्येकाला विचारतात, दुसरं कुठलं औषध चालू आहे का. या सुधारणेचं श्रेयही ते स्वतःच घेतात. घेऊ द्या. प्रश्न विचारला जातोय, हे महत्त्वाचं.

वाचकहो, डॉक्टरांचा मान जरूर ठेवा, पण मान ठेवणं म्हणजे तोंड शिवणं नव्हे. घरातलं माणूस "दुखतंय" म्हणालं तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा; मोठ्यांच्या विनोदावर नंतर हसता येईल. एक डॉक्टर ऐकत नसेल तर दुसऱ्याकडं जाणं हा फितुरीचा गुन्हा नाही. आणि शंभर गुण असलेली निनावी पुडी पोटात घालण्याआधी तिचा एकशे एकावा गुण विचारून घ्या.

आता शेवटचा हिशेब. डॉक्टरांना फोटो मिळाला, दुसऱ्या खड्याचा, चांगला आला होता. उदयसिंहाला अक्कल मिळाली. गुऱ्हाळावरच्या बायकांना वर्षभर पुरेल एवढी करमणूक. सभेतल्या लोकांना गूळ, तो वाटायचा राहिला नाहीच. त्या तुलेच्या एका पारड्यात ही सगळी मंडळी दाटीवाटीनं बसली होती. दुसऱ्या पारड्यात एकटी क्रांती होती, तिनं सगळ्यांची किंमत भरली, स्वतःच्या रक्तानं.

आणि वजन जास्त म्हणून बोलणी कुणाला? तिलाच!