शेरा : उघडले

गाय क्रमांक ६१२. वानेरा. अंग पांढरं, तोंड काळं. आईचं नाव हरणी. हरणीच्या आईचं नाव

*

दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करण्याचे थेंब. संध्याकाळपर्यंत वाचन, लेखन करू नये. लातूर, ११ मार्च.

*

पेन ड्राइव्हला लाल दोरा. दोऱ्याचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला.

*

ही फाइल उघडायची आहे का? हो.
नक्की उघडायची आहे का? हो.

*

"काका, 'हो' कुणी दाबलं?"

नांदेडहून संगणक बघायला आलेल्या यज्ञेशने तिसऱ्यांदा विचारलं. वैजनाथ त्याच्यामागे उभा होता. खुर्ची एकच होती आणि सव्वीस वर्षांत ती आज पहिल्यांदा त्याची नव्हती. देवणी गाईंची वंशावळ ठेवणाऱ्या मंडळाचा तो कारकून. पडद्यावर अकराशे चाळीस गाई होत्या. प्रत्येकीच्या फाइलच्या नावाला एक परकं शेपूट फुटलं होतं आणि एकही उघडत नव्हती.

"मीच दाबलं असंल," वैजनाथ म्हणाला. "समदं मीच उघडतो."

"असंल म्हणजे?"

"ध्यानात न्हाई. पर दुसरं कोण हाय इथं?"

यज्ञेशने एका ओळीवर बोट ठेवलं. आनंदराज, इस्लापूर. गाईचा फोटो. "हा मेल. अकरा मार्चला दुपारी बारा चाळीसला उघडला. त्यात व्हायरस होता. तो आत गपचूप बसून राहिला आणि सतरा तारखेला सगळ्याला कुलूप घातलं त्याने."

"सहा दिवस? आन् मी रोज त्याच्या म्होरं बसून चहा पिऊन राहिलो?"

"अनोळखी मेल उघडायचाच नसतो, काका."

"उघडल्याबिगर वळखीचा हाय का न्हाई, कसं कळावं?"

"पाठवणाऱ्याचं नाव बघायचं."

"नाव आनंदराजचंच हाय की. आपला सभासद."

"नाव कुणीही लावतं. खालचा पत्ता बघायचा. शंका आली की फोन करायचा, बाबा, तू पाठवलंस का?"

"फोनच करायचा तर मेल कशाला?"

 यज्ञेशने माहितीची दुसरी प्रत मागितली. वैजनाथने लाल दोऱ्याचा पेन ड्राइव्ह दाखवला.

"ही कायम लावलेलीच असते?"

"हाव. हरवू नये म्हणून."

"मग हिलाही कुलूप लागलं. प्रत संगणकापासून तोडून ठेवायची असते."

वैजनाथ खाली वाकून दोऱ्याची गाठ सोडवू लागला. आता सोडवून काही उपयोग नाही हे त्याला कळत होतं. तरी गाठ सुटेपर्यंत तो उठला नाही.

*

नोकरीच्या पहिल्या दिवशी त्याला शिकवलं होतं : आलेला कागद उघडल्याशिवाय आवक होत नाही आणि आवक झाल्याशिवाय तो आलाच नाही.

संगणक आला तेव्हा वैजनाथने हा नियम संगणकालाही लावला. मेल उघडायचा, वहीत क्रमांक द्यायचा, शेऱ्याच्या रकान्यात 'उघडले' लिहायचं. गुडघेदुखीच्या तेलाचा मेल, परदेशी शिक्षणाचा मेल, वधूवर मेळाव्याचा मेल, सगळ्यांना क्रमांक. एखाद्या दिवसाची नोंद राहिली आणि दुसऱ्या दिवशी केली, तरी तारीख पत्राची लिहायची, लिहिणाऱ्याची नाही.

आवक क्र. २०७. ११ मार्च. आनंदराज, इस्लापूर. गाईचा फोटो. शेरा : उघडले.

अक्षर वैजनाथचं. 'ळ'ला बाक देण्याची सवय वैजनाथची.

*

"खुलासा लिहून दे," मंडळाचे सचिव वसंतराव म्हणाले. "शनिवारी बैठक आहे."

"दिला की काय होतंय, साहेब?"

"काय होणार? संगणकावर बसायचं नाही. बाहेर व्हरांड्यात टेबल देतो. दीड वर्ष राहिलंय तुझं, निघून जाईल."

"आन् न्हाई दिला तर?"

"तर सभासद मला विचारतील." वसंतराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर काहीच नव्हतं. "हजेरीवर तुझी सही आहे. वहीत तुझं अक्षर आहे. मी त्यांना काय सांगू? आणि फोटोत गाय तरी होती का? नुसतं पांढरं पान."

इथे काहीतरी विचारायला पाहिजे, असं वैजनाथला वाटलं. काय, ते मात्र सुचेना. त्याऐवजी दुसरंच तोंडात आलं.

"मी मागं एकदा लातूरला गेल्तो, साहेब. डोळे दाखवाया. तुम्हीच म्हन्लाव, अर्ज नको, जा; सही उद्या येऊन कर."

"गेला असशील. तारीख सांग."

सव्वीस वर्षं जगाच्या तारखा लिहिणाऱ्या वैजनाथला स्वतःची एक तारीख सांगता येईना.

"चहा घे," वसंतराव म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने कप पुढे केला. असं ते कधी करत नसत.

*

"आपून लातूरला कोण्या दिवशी गेलो गं?"

रुक्मिणबाई ज्वारी निवडत होती. "होळीची डाळ आणली त्या दिवशी."

"म्हंजी कोणची तारीख?"

"तारीख तुमचं काम. मला डाळ ध्यानात हाय."

"डाळ कवा आणली?"

"दोनदा आणली. पयल्या डाळीत किडं निघालं."

"मग पयल्या डाळीला गेलो का दुसऱ्या?"

"येडं लागलं का वो तुम्हाला? बाहुल्या म्हशीगत मोठ्या झाल्त्या, माझा हात धरून चालत होताव, येवढं खरं. दवाखान्याची चिठ्ठी कुठाय?"

तिने पिशवी झटकली. पत्र्याची पेटी पाहिली. देवाच्या फोटोमागे पाहिलं.

"तुमच्याच हातात दिल्ती मी."

"मला कुठं दिसून राहिलं होतं त्या दिवशी?"

रुक्मिणबाई हात कमरेवर ठेवून त्याच्याकडे बघत राहिली. "एक सांगा. ते बटन तुम्ही दाबलं का न्हाई?"

"त्येच तर. हजारदा दाबलंय. ते येकच कसं येगळं काढू?"

*

शनिवार. मंडळाचे नऊ सभासद. खुलासा यज्ञेशने सांगितलेल्या माहितीवरून वसंतरावांनी टाइप करून आणला होता : सदर मेल माझ्या हातून उघडला गेला.

वैजनाथने चष्म्याची डबी उघडली. काचेला ओरखडे पडू नयेत म्हणून लातूरहून आल्यापासून डबीच्या तळाशी एक घडी घातलेला कागद कोंबलेला होता. चष्म्याबरोबर तो बाहेर आला आणि टेबलावर पडला. वैजनाथने तो उचलून परत तळाशी दाबला. त्या कागदाची आवक झालेली नव्हती. त्याला क्रमांक नव्हता. म्हणून तो कधी उघडलेला नव्हता.

त्याने खुलासा दोनदा वाचला. मग वसंतरावांकडे पाहिलं. ते रुमालाने मान पुसत होते.

"साहेब, 'उघडला गेला'च्या म्होरं 'असावा' लिहू का?"

"आता कशाला?"

 वैजनाथने सही केली, खाली तारीख टाकली आणि सवयीने वही ओढून जावक क्रमांक दिला.

*

व्हरांड्यातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली वैजनाथने लाल दोऱ्याची गुंडाळी सरकवली.

समोर पिराजी बसला होता. वय ऐंशीच्या पुढे, जन्म गाईत गेलेला. अंगणात बांधलेल्या कालवडीची नोंद करायला आला होता.

"बाबू, तुझ्या डब्यात किडा शिरला म्हणं. औषिद मारायचं की."

"मारलं. किडा ऱ्हायला, गाई गेल्या."

"गाई कुठं गेल्या? ही काय उभी हाय. कागुद गेला म्हणून तिची माय बदलती व्हय?"

वैजनाथने नवी वही उघडली. पट्टीने रकाने आखले होते. "मग सांग, पिराजीमामा. सहाशे बारापासून धरू. तिची माय हरणी. हरणीची माय कोण?"

"चांदी." पिराजी थांबला. "न्हाई. चांदी हरणीची मावशी. का आत्या?" त्याने कपाळ चोळलं. "थांब जरा. मोरी. मोरीच. लिही."

"पक्कं?"

"तू लिही. चुकलं तर गाय बोलंल."

वैजनाथने मोरी लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात पेन क्षणभर अडलं. मग त्याने लिहिलं : पिराजीने सांगितले.

आत कुणीतरी संगणक सुरू केला. ओळखीचा आवाज आला. वैजनाथचा उजवा हात टेबलावर किंचित हलला आणि परत वहीवर आला.

"म्होरं," तो म्हणाला.

*

अकरा मार्चला दुपारी बारा चाळीसला वैजनाथ लातूरच्या दवाखान्यातल्या बाकावर, दोन्ही डोळ्यांत थेंब घालून, रुक्मिणबाईचा हात धरून, डोळे मिटून बसला होता.