पिंगळीच्या पाण्याचा काला

या, असे जवळ सरका. टाळ मांडीवर राहू द्या. उपरणं असेल त्यानं उपरणं, पदर असेल तिनं पदर नाकाशी तयार ठेवा, कारण आज सांगतो त्या गोष्टीला वास आहे. कापराचा नाही, बुक्क्याचा नाही, कुजल्याचा. कीर्तनात आपण गोकुळातल्या दुधादह्याचं पुष्कळ ऐकतो आणि डोळे मिटून डोलतो. ही गोष्ट डोळे मिटून ऐकता येत नाही. पण हिच्या शेवटी काला आहे, आणि काला जिथं आहे तिथून देव फार लांब गेलेला नसतो, तेवढ्या भरवशावर बसा.

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांच्या शिवेवरून पिंगळी नावाचा एक नाला वाहतो. अल्याड खैरगव्हाण, ते अमरावतीत. पल्याड सिरसखेड, ते अकोल्यात. नाल्याच्या काठचा मारुती मात्र दोघांचा. खाली अर्ध्या कोसावर बौद्धांची वस्ती, आणि वर माळावर एक सोडून दिलेली खदान. बडनेऱ्याकडून जाणाऱ्या रुळांखाली घालायला गिट्टी हवी होती तेव्हा कोण्या ठेकेदारानं तिथला खडक फोडला, गिट्टी नेली आणि भोक तसंच ठेवून गेला. साचलेलं पाणी काढायला त्यानं चर खणला होता, तो थेट पिंगळीत सोडलेला.

खैरगव्हाणचा पुंजाजी हा मारुतीच्या सप्ताहातला विणेकरी. सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, उभ्यानं, आणि काल्याचा प्रसाद वाटला गेला की मगच खाली उतरते. शेवटचा पहारा पुंजाजीचा. बावीस वर्षं वीणा त्याच्याच हातून उतरत होती. अंगानं वाळका, आवाजानं गोड, आणि भांडणाला इतका भित्रा की कुत्रं अंगावर आलं तरी त्याला म्हणायचा, "जा बापा."

आता छप्पन सालचं सगळ्यांना ठाऊक आहे. वस्तीतली माणसं बौद्ध झाली आणि त्यांनी मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. बरोबर केलं. पण दोन्ही गावांत जशी आग पेटली. "आता आमची ढोरं कोन ओढन?" हा प्रश्न जो तो दुसऱ्याला विचारी, आणि ज्याचं ढोर त्यानं पुरावं हे उत्तर मात्र कोणाच्या तोंडून निघेना. जन्मभर ज्याच्या खांद्याची कमाई खाल्ली त्या बैलासाठी चार हात खड्डा खणायची माणसाला लाज वाटते, ही लाज कुठून येते ते तो मारुतीच जाणे.

पहिला बैल मेला पुंजाजीचा. हौशा त्याचं नाव. शिंगांना पितळी शेंब्या, गळ्यात घुंगरमाळ. फऱ्या रोगानं वैशाखात गेला. पुंजाजी रडला, पण कुदळ काही त्यानं उचलली नाही. शेजारी काय म्हणतील, विणेकरी असून ढोर पुरून राहिला! भर दुपारी, गाव घरात निजलेलं पाहून, त्यानं दुसरा बैल जुंपला, हौशाला फरफटत माळावर नेलं आणि खदानीत लोटून दिलं. घुंगरमाळ काढून घेतली. शेंब्या काढायचा धीर झाला नाही.

कोणी पाहिलं नाही असं त्याला वाटलं. पण आठ दिवसांनी खैरगव्हाणच्या पाटलाची, खुशालरावाची, म्हैस तिथंच गेली. मग सिरसखेडची दोन वासरं. मग ती वहिवाटच पडली. दोन पावसाळे खदान भरली आणि चरातून वाहिली.

त्यानंतरच्या चैत्रात सप्ताह बसला तेव्हा मंडपात उदबत्तीचे जुडगे लावावे लागले. माश्या तरी किती! मृदंगाच्या शाईवर माश्या, बुवांच्या पागोट्यावर माश्या, नैवेद्यावर तर काळं पांघरूणच. वारा माळाकडून आला की बायका तोंडात पदर कोंबत. आणि तरी सात दिवसांत खदानीचं नाव कोणी काढलं नाही. जो तो म्हणे, "उंदीर मेला वाटते कुठं."

काल्याचा दिवस उजाडला. रीत अशी, की काल्याचं दही पातळ करायला पाणी पिंगळीच्या झिऱ्याचंच. मारुतीसमोर वाळूत हातभर खड्डा केला की झरा लागे, त्यातलं. दोन गावांचं एक पाणी, म्हणून एक काला. कीर्तनाला अचलपूरचे उद्धवबुवा होते. म्हातारे, तोंडाचे फटकळ. त्यांच्यापुढे घागर आली. बुवांनी ओंजळ घेतली, हुंगली आणि खुशालरावाकडे पाहिलं.

"पाटील, हे विहिरीचं पाणी."

"पाणीच हाय ना बुवा? गोड हाय."

"झिऱ्याचं कुठं आहे?"

 बुवा स्वतः उठले, वाळूत उतरले, हातानं खड्डा केला. आलेलं पाणी चहासारखं होतं आणि वर तेलाचा तवंग. त्यात एक पांढरी अळी वळवळत होती. बुवांना जागेवरच ओकारी आली. धोतर सावरून ते मंडपात परत आले, उभे राहिले आणि म्हणाले,

"देवाला विहिरीचं आणि खालच्या माणसांना हे? सात दिवस माझ्यापुढे टाळ्या वाजवल्यात तुम्ही. मला माझ्या कीर्तनाचीच शिसारी आली रे! काला होणार नाही. झिऱ्याचं पाणी स्वच्छ येईल तेव्हा फोडीन हंडी. तोवर मी इथंच आहे."

आणि वीणा पुंजाजीच्या गळ्यात होती. काला नाही, म्हणजे वीणा खाली नाही.

तिथल्या तिथं सभा भरली.

"खदान तं अमरावतीत येते," सिरसखेडचा शालिकराम म्हणाला. त्यांच्या पंचायतीचा सरपंच, बोलायला पक्का. "तुमी साफ करा."

"खदान आमची, पन चर तुमच्या हद्दीत निंगते," खुशालराव म्हणाला. "अकोल्याले अर्ज करा."

"केला होता! ते म्हंतात अमरावतीले इचारा."

"आमालेबी तेच म्हंतात, अकोल्याले इचारा."

"मंग ढोरं कोनाच्या जिल्ह्यात मेली म्हनाव?" मागून कोणीतरी बोललं, आणि लोक हसले. त्या वासात हसले!

शेवटी दोन्ही गावांचं एकमत झालं, आणि काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. खुशालराव म्हणाला, "वस्तीतल्या लोकायले बोलवा. त्यायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम हाय. धान्य देऊ. पुंजाजी, तू जा गा. तुह्या गळ्यात वीणा हाय, तुले नाही म्हननार नाहीत."

भित्रा पुंजाजी गेला. गळ्यात वीणा, पायाखाली पिंगळीचा काठ. जसजसा खाली जाई तसतसा वास दाट होई. काठची गवतं पिवळी पडलेली, दगडांवर शेंबडासारखा चिकटा. एका जागी मेलेल्या माशांची रास होती आणि तिच्यावर कावळेसुद्धा बसत नव्हते.

वस्तीच्या तोंडाशी भागीरथा पाणी गाळत होती. पन्नाशीची बाई, सरकी वेचायला कापसाच्या जिनात जाणारी, वस्तीचा शब्द बहुधा तिचाच. लुगड्याचं फडकं तिनं तीनपदरी केलं होतं आणि फडक्यावर जे उरत होतं ते बाजूला झटकत होती. पुंजाजीनं निरोप सांगितला. सांगताना त्याची मान वर होत नव्हती.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गाळलेल्या पाण्याचा लोटा पुढे केला.

"उन्हाचा आला, पुंजाजीभाऊ. पानी पे आधी."

पुंजाजीनं लोटा हातात घेतला, ओठांपर्यंत नेला. आतून आला तो वास हौशाचा होता. दोन वर्षांपूर्वीचा, गोठ्यातला, शेवटच्या दिवसाचा. हात थांबला.

"काहून? आमच्या हातचं म्हनून नाही पेत, का वासानं?"

पुंजाजी जन्मात खोटं बोलला असता तर तेव्हा बोलला असता. पण गळ्यात वीणा होती.

"वासानं, बाई."

"मंग बरं," भागीरथा म्हणाली. "आमालेबी वासच येते. तुमाले वाटलं आमाले नाक नाही." तिनं लोटा परत घेतला आणि ओतून दिला. "पहिल्या दिवशी मीच पाह्यलं तुले. शेंब्यावाला बैल. वाटलं, विणेकरी हाय, लाजंल, येऊन पुरंल. दोन वर्सं झाली."

तिनं फडकं पिळून झटकलं.

"आता आयक. आमचं त्यात एकबी ढोर नाही. आमी पुरतो. कामगार म्हनून आमी येनार नाही, धान्य नको. तिसरं गाव म्हनून येऊ. ढोरं पुराचे खड्डे आमी खांदू, चर आमी बुजवू. पन ज्यानं जे टाकलं ते त्यानं आपल्या हातानं काढावं. कबूल असंल तं सांग, नाही तं आमी हाओत अन्‌ हे फडकं हाय."

पुंजाजी परतला तेव्हा मंडपात जेवणाच्या पंगतीची भाषा चालली होती, काला नाही तर नाही, निदान वरण-भात तरी. त्यानं भागीरथेचं म्हणणं सांगितलं. एकच गलका उठला.

"तिसरं गाव? कोन्या कागदात हाय ते गाव?" शालिकराम म्हणाला.

"आमी हात लावावा ढोराले?" खुशालराव म्हणाला. "विटाळ होईन ना बाप्पा!"

पुंजाजीला त्या शब्दाची मळमळ आली. दोन वर्षं ज्यांच्या ढोरांची मढी पिंगळीत विरघळत होती, त्यांना आता विटाळ आठवला. त्याचा गोड आवाज चिरकला.

"पहिला बैल माहा होता. हौशा. मीच लोटला. माह्यामागं तुमी सारे आले." मग तो बुवांकडे वळला. "बुवा, वीणा धरा. मले खाली उतराचं हाय."

उद्धवबुवांनी मान पुढे केली. बावीस वर्षांत पहिल्यांदा काल्याआधी वीणा पुंजाजीच्या गळ्यातून निघाली.

खदानीचं काय सांगू? वरून हिरवी साय आणि खाली जाड काळा रबडा. पुंजाजी कमरेइतका उतरला तेव्हा त्या रबड्यातून बुडबुडे आले आणि काठावरची माणसं मागे सरली. हाताला आधी कातडं लागलं, ते ओल्या पोत्यासारखं सुटून आलं. मग बरगड्या. मग कोणाचं तरी शेपूट, सगळ्या केसांसकट. पुंजाजी ओकला, तोंड पुसायला हात वर नेला आणि त्या हाताच्या वासानं पुन्हा ओकला. तिसऱ्या बुडीत त्याला टोकदार काही बोचलं. शिंग. त्यावर शेंबी, काळी पडलेली, पण अंगठ्यानं घासताच पितळ दिसलं.

त्यानं ते डोकं छातीशी धरून वर आणलं. पुंजाजी उतरल्याचं ऐकून भागीरथेनं आणि तिच्या माणसांनी तोवर माळावर चार खड्डे कमरेइतके नेले होते. पुंजाजीनं हौशाला त्यातल्या एकात ठेवलं, चुना टाकला, माती स्वतः लोटली. मग तिथंच बसून रडला, दोन वर्षांपूर्वी रडायला हवं होतं तसा.

दुसऱ्या दिवशी सिरसखेडचा एक म्हातारा आपली वासरं काढायला आला. मग त्याचे शेजारी. शालिकराम आला तो शिव्या देत, पण आला, आणि बैलांना सोल, म्हणजे जाड दोर, लावून रबडा उपसायला लागला. खुशालराव पाचव्या दिवशी आला, कानात अत्तराचा फाया, नाकावर रेशमी रुमाल, आणि गड्याला पुढे करून. बुवा काठावरून वीणा छेडत ओरडले, "पाटील, म्हैस कोणाची? गड्याची?" तेव्हा त्याला धोतर खोचावंच लागलं.

अकरा दिवस वीणा उभी होती. रबडा काढून येणारा माणूस अंघोळ करी, वीणा घेई, आणि वीणा सोडणारा रबड्यात उतरे. अमरावतीचा हात, अकोल्याचा हात. वीणेला जिल्हा कळत नाही. वस्तीनं चर दगडमातीनं बुजवला, नाल्यातला चिकटा खरवडला. त्यांनी वीणेला हात लावला नाही, आणि कोणी लावायलाही सांगितला नाही. बुवाच म्हणाले, "त्यांचा मार्ग वेगळा, पाणी एक."

बाराव्या दिवशी झिरा तीनदा उपसला. चौथ्यांदा पाणी नितळ आलं. घागर भरली भागीरथेनं.

"तुमच्या देवासाठी नाही भरत मी," ती म्हणाली. "पान्यासाठी भरून राहिली." आणि पहिला लोटा तिनं पुंजाजीला दिला. त्याच्या गळ्यात वीणा परत आली होती. तो उभ्यानं, सगळ्यांदेखत, घटाघट प्याला. हंडी फुटली, काला वाटला गेला, आणि वीणा खाली उतरली.

इथं गोष्ट गोड करून थांबवता आली असती. पण पुंजाजीनं जे पाहिलं ते सांगायला हवं. पंगतीच्या टोकाला खुशालरावानं हातातला काला कपाळाला लावला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच मांडवामागच्या कुत्र्यापुढे टाकला. घागर कोणी भरली ते त्यानं पाहिलं होतं ना! अळ्यांचं पाणी दोन वर्षं खाली सोडताना ज्याचं पोट ढवळलं नाही, त्याचं त्या नितळ पाण्यानं ढवळलं. पुंजाजी म्हणत असे, खदानीत तीन बुड्या मारल्या, पण तशी किळस तिथंही आली नाही.

कुत्र्यानं मात्र काला चाटूनपुसून खाल्ला.

तर बाबांनो, मायांनो, उद्या तुमच्या गावी हंडी फुटेल, हातावर दही-लाह्या पडतील. तोंडात घालण्याआधी एवढं करा. तीनपदरी फडक्यातून पाणी गाळणाऱ्या त्या भागीरथेची आठवण करा, आणि पाणी कुठून आलं ते विचारा.