राजा मरायला तयार नव्हता

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसूही नये. पण आज जिथं रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॉलेजं, अभ्यासिका, पुस्तकांची दुकानं आणि नाट्यगृह आहे, तो अख्खा मुलूख एका खुनावर उभा आहे. खून मी केला. भरदुपारी, लोकांसमोर.

पोलीस ॲक्शनला दहाएक वर्षं झाली असतील. इथं तेव्हा बाभळी, घोरपडी आणि आमच्या कॉलेजची एक पत्र्याची शेड. तिच्यात आम्ही नाटकाच्या तालमी करायचो. संस्थेचे चिटणीस अनंतराव यांना ती शेड सरकी साठवायला एका व्यापाऱ्याला द्यायची होती. "कॉलेजच्या संमेलनातलं नाटक शेवटापर्यंत झालं, तर शेड तुमची," ते म्हणाले. "मधेच बंद पडलं, तर दुसऱ्या दिवशी सरकी."

राजा झाला होता कारभारी नावाचा पोरगा. पिशोरच्या पाटलाचा मुलगा, छाती दाराएवढी. शेवटच्या प्रवेशात सेनापती राजाला ठार करतो. सेनापती मी, शहरातल्या गुलमंडीतल्या कारकुनाचा मुलगा.

कारभारीनं राजा झाल्याचं घरी कळवलं, मरणार असल्याचं कळवलं नाही. सगळं पिशोर गाड्या जुंपून आलं. पहिल्या रांगेत त्याचे वडील काकासाहेब, मांडीवर काठी.

शेवटचा प्रवेश आला. मी तलवार उपसली. लाकडी, चंदेरी कागद चिकटवलेली. कारभारीनं बापाकडं पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाला, "केशव, मी आज मरत नाय."

"मर की रे. उद्या सरकी येईल इथं."

"आबा बसलेत समोर. कारकुनाच्या पोराच्या हातनं मरू व्हय?"

त्यानं कमरेची तलवार काढली. ती खरी होती, घरातली. पहिल्या घावात माझं लाकूड गेलं, दुसऱ्यात डावी करंगळी. आता दिसते ती नंतर फुटलेली.

मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. रक्ताची चिळकांडी थेट पेटीवर. तरी गडी मरेना. काकासाहेब उठले. "माझ्या लेकाला मारतो का रं?" त्यांच्या मागोमाग पिशोर उठलं. गुलमंडीची पोरं खुर्च्यांचे पाय मोडून धावली. सोयगावच्या बद्रीनाथचा जबडा निखळला. तो एका हातात जबडा धरून दुसऱ्यानं मारत होता. कुणाचा तरी दात उडून तबल्यात रुतला, तेव्हापासून तो तबला वरच्या पट्टीत वाजायचा. हवालदार आत आला, "क्या तमाशा है ये?" म्हणाला, आणि गर्दीत गेला. बाहेर फक्त त्याची टोपी आली.

आणि अनंतराव? ते विंगेत पावलं टाकत शेडची लांबी मोजत होते.

मी ते पाहिलं आणि ठरवलं, नाटक संपवायचं. पाठीत काकासाहेबांची काठी पडत होती, बरगड्या वाळक्या तुऱ्हाट्यांसारख्या मोडत होत्या. तेवढ्यात कारभारीची तलवार माझ्या पोटात शिरली ती पाठीतून बाहेर आली. मी ती तशीच राहू दिली आणि सेनापतीचं शेवटचं भाषण म्हटलं. एक शब्द गाळला नाही. मग हात मागं नेला, पाठीकडून तलवार ओढून काढली आणि राजाच्या छातीत घातली. कारभारी मेला. पडदा पडला. अनंतरावांनी मुकाट शेड सोडली, आणि तिच्याभोवती हे सगळं उगवलं.

चहाच्या गाड्यावर बसलेली कॉलेजची पोरं माना डोलवायला लागली. शेजारी माझी बायको मीनाक्षी बसली होती. आम्ही एकाच वर्गातले. तिनं ग्लास खाली ठेवला.

"अहो, खोटं," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्याच अंकात मेलेला पहारेकरी होता, आणि मारामारी पेटल्यावर तर डोळेसुद्धा उघडले नाहीत. राणी मी होते. मीच मधे शिरून कारभारीला विषाचा पेला पाजला. बायकोच्या हातनं मरायला काकासाहेबांचीही ना नव्हती."