हात वर

वजनकाटे तपासण्यात तपासनीसांची बावीस वर्षं गेली होती. दुकानदारानं काट्याखाली लोहचुंबक चिकटवलेलं असो की पारड्याच्या कडेला हळूच अंगठा टेकवलेला असो, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. काटा वाचण्याआधी ते समोरच्याला एकच सांगत, "हात वर करा." अशा माणसानं स्वतःच्याच रक्ताच्या तपासणीत लबाडी करावी, याला काय म्हणावं!

झालं होतं असं. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या पिट्यूटरी ग्रंथीवरची गाठ नाकावाटे काढली. मेंदूखालची ही ग्रंथी असते वाटाण्याएवढी, पण अंगातल्या निम्म्या हॉर्मोन्सचा कारभार तिच्या हाती. ती पुन्हा कामाला लागेपर्यंत अंगाला बळ देणाऱ्या कॉर्टिसोल या हॉर्मोनची उणीव भरून काढायला रोज गोळी घ्यायची होती. आता त्या ग्रंथीची परीक्षा होती. सकाळी आठला, गोळी न घेता रक्त द्यायचं. आकडा चांगला आला तर गोळी बंद. आणि गोळी बंद झाली तरच ऑफिस त्यांना फिरतीवर पाठवणार होतं. नाहीतर महिनाअखेरीला ती जागा दुसऱ्याला आणि त्यांना कायमचं टेबल. टेबलाच्या नुसत्या कल्पनेनं त्यांचा जीव गुदमरे.

तपासणीच्या दिवशी उठताना त्यांचे पाय लटपटले. आपण नापास होणार, हे मनानं घेतलंच. "रक्त दिल्यावर लगेच घ्या हं," म्हणून बायकोनं शर्टाच्या खिशात गोळीची पुडी ठेवली होती. ती त्यांनी न्हाणीघरात नेली आणि नळाच्या घोटभर पाण्याबरोबर गिळली.

"गोळी घेतली नाही ना?" दंडाला रबर बांधता बांधता रक्त काढणाऱ्या बाईंनी विचारलं.

"छे छे!"

हे 'छे छे' त्यांनी हजार दुकानदारांच्या तोंडून ऐकलं होतं. अगदी तोच सूर लागला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. "आकडा उत्तम! उद्यापासून गोळी बंद. चक्कर, मळमळ वाटली तर मात्र लगेच कळवा." बायकोचे डोळे भरून आले. तिनं आधी थोरल्या बहिणीला फोन लावला, मग धाकटीला. तपासनीसांचं मात्र एका जागी बूड टेकेना. खिडकी उघडली, लावली, परत उघडली. रक्तातला तो आकडा ग्रंथीचा नव्हता, गोळीचा होता. हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस होता आणि त्याचं तोंड उघडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांना शर्टाचं बटणही लावता येईनासं झालं. घाम फुटला, पोटात ढवळू लागलं, भिंत धरूनच ते खाली बसले.

"अहो, आकडा तर चांगला आला ना? मग हे काय?" बायको घाबरून गेली.

"अगं, तपासणीला जाताना गोळी घेऊन गेलो होतो."

"हो, मीच दिली होती ना खिशात."

"खिशात नाही. पोटात."

मग तिचा बांध फुटला. "बावीस वर्षं जेवताना माझं डोकं खाल्लंत! अमक्यानं अंगठा टेकवला, तमक्यानं चुंबक लावलं! त्यांनी निदान दुसऱ्याला फसवलं हो. तुम्ही कुणाला फसवलंत?" बोलता बोलताच तिनं डॉक्टरांना फोन लावला होता. डॉक्टरांनी आधी दोन गोळ्या घ्यायला लावल्या, ताबडतोब बोलावून घेतलं आणि जिवावरचं टळल्याची खात्री झाल्यावर चांगलंच फैलावर घेतलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासणी झाली. या वेळी पुडी बायकोच्या पर्समध्ये होती आणि बायको समोरच्या खुर्चीत.

"गोळी घेतली नाही ना?" बाईंनी विचारलं.

तपासनीस उत्तर देणार, तोच बायको म्हणाली, "हात वर करा."

एका हाताला रबर बांधलं होतं. त्यांनी मुकाट्यानं दुसरा वर केला.

संध्याकाळी आकडा आला. तिनं तो पाहिला आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो वाचला. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून.

"कमी आहे," ती हळूच म्हणाली.

"कमी आहे. पण बरोबर आहे."

फिरती गेली होती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. मग डाव्या हातानं डोळे पुसले आणि उजवा पुढे केला. तिनं त्यावर गोळी ठेवली.